एकग्रंथी कीं बहुग्रंथी?

ज्या घरांत वाचनाची संवय आहे, त्या घरांत वाचकांच्या दोन जाती सहज ओळखूं येतात. एक जण पुस्तक हातीं घेतलें म्हणजे शेवटचें पान उलटेपर्यंत दुसऱ्या पुस्तकास शिवत नाहीं. दुसऱ्याच्या उशाशीं एक, मेजावर दुसरें आणि प्रवासाच्या पिशवींत तिसरें, अशीं पुस्तकें पडलेलीं असतात, आणि प्रत्येकांत खुणेचा कागद कोठें तरी मध्येंच असतो. पहिला दुसऱ्यास चंचल म्हणतो. दुसरा पहिल्यास हटवादी समजतो. हा वाद बहुधा थट्टेवारी नेला जातो, कारण वरवर पाहतां स्नान आधीं करावें कीं चहा आधीं घ्यावा, इतक्याच योग्यतेचा हा प्रश्न दिसतो. ज्याची त्याची संवय. यांत नीति-अनीतीचा संबंध काय, असें कोणीही विचारील.

परंतु संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे, असें आम्हांस वाटतें. ग्रंथ वाचणें म्हणजे दुसऱ्या एका मनुष्याचें म्हणणें ऐकून घेणें होय. तो मनुष्य समोर नसतो. पुष्कळदां तो हयातही नसतो. आपण मध्येंच उठून गेलों तर तो आपला हात धरून आपणांस बसवूं शकत नाहीं, आणि अर्धवट ऐकलेल्या त्याच्या बोलण्याचा आपण विपर्यास केला तर तो खुलासाही करूं शकत नाहीं. इतक्या असहाय स्थितींत जो आपणांशीं बोलतो, त्याच्याशीं आपण कसें वागावें, हा प्रश्न नीतीच्या कक्षेबाहेरचा खास नव्हे. म्हणून दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट ऐकून घेऊं, आणि मग खरा मुद्दा कोणता तें पाहूं.

एकग्रंथी पक्षाचा सर्वांत जुना व समर्थ वकील म्हणजे रोमन तत्त्वज्ञ सेनेका. ल्युसिलिअस नांवाच्या आपल्या मित्रास त्यानें जीं पत्रें लिहिलीं, त्यांतील दुसऱ्याच पत्रांत हा विषय निघाला आहे. अनेक ग्रंथकार चाळीत सुटणें हें मनाच्या अस्थिरतेचें लक्षण आहे, असें तो मित्रास बजावतो. वरचेवर जागा बदललेलें रोप जोम धरीत नाहीं आणि पोटांत ठरत नाहीं तें अन्न अंगीं लागत नाहीं, अशा आशयाचे दृष्टांत त्यानें दिले आहेत. महाराष्ट्रास हा उपदेश नवा नाहीं. ज्ञानेश्वरीचें किंवा गुरुचरित्राचें पारायण करणारा मनुष्य नेमलेल्या दिवसांत, नेमलेल्या क्रमानें, पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत जातो, आणि पुढील वर्षीं तोच ग्रंथ पुन्हां पहिल्यापासून आरंभितो. ‘पारायण’ या शब्दाचा अर्थच पार जाणें, पैलतीर गाठणें असा आहे. मध्येंच उतरून दुसऱ्या होडींत बसण्याची कल्पना त्या शब्दांत मावतच नाहीं.

या पक्षाचें याहूनही बळकट प्रमाण आपल्या शास्त्रग्रंथांच्या रचनेंत आहे. ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्यासारख्या ग्रंथांत आधीं विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतर सिद्धांत, असा क्रम असतो. पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचें म्हणणें. आणि चांगला भाष्यकार तें इतक्या जोरानें मांडतो कीं, जो वाचक तेथेंच उठून जाईल तो आचार्यांचें स्वतःचें मत हेंच, असें खुशाल समजेल. अर्ध्यावर सोडलेला ग्रंथ केवळ अर्धा कळतो असें नाहीं. पुष्कळदां तो उलटा कळतो. आणि उलट्या कळलेल्या ग्रंथाविषयीं आपण चारचौघांत बोलतों, हा त्यापुढील अन्याय. शास्त्रग्रंथांचेंच हें वैशिष्ट्य आहे असें नव्हे. ज्या कादंबरीचा नायक पहिल्या शंभर पानांत उमदा दिसतो आणि पुढें हळूहळू उघडा पडतो, ती कादंबरी साठाव्या पानावर सोडणाराच्या मनांत कादंबरीकारानें कधींही न लिहिलेली गोष्ट राहते.

आतां दुसरा पक्ष. त्याच्या बाजूसही थोडेथोडके लोक नाहींत. फ्रेंच निबंधकार माँतेन यानें एक पुस्तक कंटाळवाणें झालें कीं आपण दुसरें उचलतों, असें मोकळेपणीं लिहून ठेविलें आहे; आणि त्याच्या निबंधांनीं युरोपांत एक नवा वाङ्मयप्रकारच रूढ केला. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यानें तर १७७३ सालच्या एका संभाषणांत, अमुक पुस्तक पुरें वाचलें नाहीं काय, असें विचारणारासच, तुम्ही पुस्तकें शेवटपर्यंत वाचतां काय, असा उलट सवाल केला. इंग्रजी भाषेचा मोठा कोश एकहातीं सिद्ध करणाऱ्या मनुष्यास आळशी किंवा उथळ म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. शाळेंतील मुलें सकाळीं गणित, दुपारीं इतिहास व संध्याकाळीं काव्य वाचतात. त्यांच्या बुद्धीचे तुकडे होतात अशी तक्रार आपण करीत नाहीं, उलट तसें वेळापत्रक आपणच आंखून देतों.

शिवाय, खंड पडला म्हणजे निष्ठा मोडते, हेंही खरें नाहीं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० सालीं सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. ज्यांनीं ती त्या वेळीं वाचली त्यांनीं ती मनांत असो वा नसो, इतर वाचनाबरोबरच वाचली. आठवड्यास एक हप्ता, आणि मधल्या दिवसांत वर्तमानपत्र, पोथी, शाळेचीं पुस्तकें, जें हातीं येईल तें. तरी यमूचें दुःख मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या राहिलें. मधले दिवस कथेचे शत्रु ठरले नाहींत. त्या दिवसांत कथा वाचकाच्या मनांत मुरत होती.

मानसशास्त्रास विचारावें तर त्याचीही साक्ष दोन्हींकडे पडते. १८८५ सालीं हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरांच्या मालिका स्वतः पाठ करून स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका बैठकींत केलेल्या पुष्कळ आवृत्त्यांपेक्षां कांहीं दिवसांत विभागलेल्या थोड्या आवृत्त्या अधिक उपयोगी पडतात, असें त्यांतून दिसून आलें. ही झाली बहुग्रंथी पक्षाची जमेची बाजू. उलट, २००९ सालीं सोफी लेरॉय या संशोधिकेनें असें दाखविलें कीं, हातांतलें काम अपुरें टाकून दुसऱ्याकडे वळलें असतां पहिल्याचा कांहीं अंश मनांत रेंगाळत राहतो आणि दुसऱ्या कामास पुरतें मन मिळत नाहीं. ही झाली खर्चाची बाजू. तेव्हां प्रयोगशाळेंतून निकाल आणवून हा वाद मिटेल, अशी आशा करण्यांत अर्थ नाहीं.

वाद मिटत नाहीं याचें कारण, आमच्या मतें, दोन्ही पक्ष चुकीची वस्तु मोजीत बसले आहेत. ते पुस्तकें मोजतात. मोजावयाचें आहे तें निराळेंच आहे. आणि तें ध्यानांत येण्यास एका विलक्षण यंत्राचा विचार उपयोगी पडेल. १५८८ सालीं आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन यंत्रज्ञानें पॅरिसमध्यें नानाविध यंत्रांच्या आकृत्यांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत पुस्तकांच्या चाकाची एक आकृति आहे. पाणचक्कीसारखें उभें लांकडी चाक. त्याच्या परिघावर उतरत्या फळ्या. प्रत्येक फळीवर एक उघडा ग्रंथ. आंतील दांतेरी चक्रांची योजना अशी कीं, चाक कितीही फिरलें तरी फळ्यांचा कल बदलूं नये आणि ग्रंथ खालीं पडूं नये. बसल्या जागेवरून अनेक ग्रंथ पाहावयाचे असणाऱ्यास, विशेषतः सांधेदुखीनें जागचें हलणें ज्यास कठीण त्यास, हें यंत्र सोयीचें पडेल असें त्याचें म्हणणें होतें. एकग्रंथी वाचकास हें चाक म्हणजे चंचलतेची मूर्तिमंत प्रतिमाच वाटेल.

परंतु त्याच्या अवघीं चार वर्षें आधीं, शके १५०६ मध्यें, एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली होती. जवळजवळ तीनशें वर्षांत नकलांच्या नकला होऊन तिच्यांत पाठभेद शिरले होते. पाठ निवडण्याचें हें काम एकच पोथी उघडून होणारें नव्हे. एक प्रत दुसऱ्या प्रतीशीं ताडून पाहिली पाहिजे. म्हणजे एका ग्रंथावरील अत्यंत निष्ठेपोटींच अनेक पोथ्या एके ठिकाणीं मांडाव्या लागतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, ती बाराशेंहून अधिक हस्तलिखितें तपासून. त्या पंडितांपैकीं कोणासही, तुम्ही एका वेळीं किती ग्रंथ वाचतां, असें विचारलें असतें तर त्यानें काय उत्तर दिलें असतें? बाराशें म्हटलें तरी खरें, आणि एकच म्हटलें तरी खरें.

या संबंधांत लोकमान्य टिळकांच्या मंडालेच्या कारावासांतील एक हकीकत फार बोलकी आहे. ‘गीतारहस्य’ त्यांनीं तेथें १९१०-११ च्या हिवाळ्यांत लिहिलें, आणि १९१५ सालीं तें प्रसिद्ध झालें. प्रस्तावनेंत ते सांगतात कीं, आरंभीं सर्व पुस्तकें एकदम न देतां एका वेळीं चारच पुस्तकें देण्याचा हुकूम झाला होता. त्याबद्दल ब्रह्मदेशच्या सरकारकडे अर्ज केल्यावर लेखनास लागणारीं पुस्तकें जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली, आणि तेथून परत येतेवेळीं त्यांची संख्या साडेतीनशें-चारशेंपर्यंत गेली होती.

चार पुस्तकें थोडीं कीं पुष्कळ? हुकूम काढणाराच्या दृष्टीनें तीं पुरेशींच असावींत. कैद्याचा वेळ जावा एवढाच हेतु असेल तर चार पुस्तकें एका वेळीं खरोखरच पुष्कळ झालीं, एकही पुरें. पण टिळकांस वेळ घालवावयाचा नव्हता. ज्ञान झाल्यावरही मनुष्यानें कर्म करावें कीं टाकावें, याविषयीं गीता काय सांगते, हा एक प्रश्न त्यांना सोडवावयाचा होता. आणि त्या एका प्रश्नाच्या पायीं उपनिषदें, भाष्यें, मीमांसा आणि पाश्चात्य नीतिशास्त्र यांचे ग्रंथ आळीपाळीनें उघडावे लागत होते. सातशें श्लोकांचा एक लहानसा ग्रंथ मध्यभागीं, आणि त्याच्या भोंवतीं चारशें ग्रंथ! या वाचकास एकग्रंथी म्हणावें कीं बहुग्रंथी? दोन्ही विशेषणें येथें गळून पडतात. पुस्तकें चारशें होतीं. प्रश्न एक होता. चाकाच्या फळ्या कितीही असोत, आंस एकच असला म्हणजे चाक फिरूनही जागेवर राहतें.

हीं उदाहरणें थोरांचीं झालीं. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास वाचणाऱ्या सामान्य वाचकास त्यांचा काय उपयोग, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. सामान्य वाचकापाशीं संशोधनाचा प्रश्न नसतो, आणि प्रत्येक वाचनास तसा प्रश्न असावाच असा आग्रहही धरतां येणार नाहीं. परंतु त्यालाही एक गोष्ट पाहतां येते: आपण दुसरें पुस्तक कां उघडलें? आमच्या मतें साऱ्या वादाचें मर्म या प्रश्नांत आहे.

दुसरें पुस्तक उघडण्यास बहुधा तीन कारणें असतात. कधीं पहिलेंच पुस्तक आपणांस दुसऱ्याकडे धाडतें. इतिहास वाचतां वाचतां नकाशा पाहावा लागतो, तसें हें आहे. कधीं मन थकलेलें असतें. दिवसभर हिशेब केलेल्या मनुष्यानें रात्रीं तर्कशास्त्राऐवजीं प्रवासवर्णन हातीं घेतलें तर त्यांत तर्कशास्त्राचा अपमान नाहीं. आणि कधीं आपण पळून जात असतों. पहिल्या दोन कारणांविषयीं कोणीही तक्रार करूं नये. तिसरें मात्र मोठें मायावी आहे, कारण तें नेहमीं दुसऱ्याचें सोंग घेऊन येतें. ‘पुस्तक जरा रटाळ झालें’, ‘आज मन लागत नाहीं’, ‘सवडीनें पाहूं’, हे त्याचे ठरलेले शब्द.

सोंग ओळखण्याची एक साधी युक्ति आहे. खुणेचा कागद कोणत्या पानावर अडकला आहे तें पाहावें. कंटाळा कोणत्याही पानावर येतो. पलायन ठराविक पानांवरच होतें. ‘पण लक्षांत कोण घेतो’ आवडीनें वाचीत आलेला गृहस्थ यमूच्या वैधव्यापाशीं येऊन, पुढें गोष्ट लांबते, असें म्हणूं लागला, तर गोष्ट लांबली नसून ती जवळ आली आहे, इतकेंच खरें. खर्चाचा हिशेब मांडायला लावणारें पुस्तक हिशेबाच्या कोष्टकापाशीं मिटतें. मुलांच्या संगोपनावरचें पुस्तक, आईबापांच्या रागाचा विषय निघाला कीं मिटतें. १९३६ सालीं लाहोरच्या जातपाततोडक मंडळानें डॉ. आंबेडकरांस आपल्या परिषदेचें अध्यक्षपद दिलें होतें. पण त्यांचें लिहिलेलें भाषण आधीं वाचून पाहिल्यावर त्यांतील मतें सोसेनात, म्हणून परिषदच रद्द झाली. डॉ. आंबेडकरांनीं तें भाषण पुढें स्वतः छापून प्रसिद्ध केलें. जातिभेद मोडूं म्हणणाऱ्या सुधारकांनाही जें पान उलटवेना, तें उलटण्याची पाळी आपल्यावर येते तेव्हां मेजावर दुसरें एखादें मनोरंजक पुस्तक तयारच असतें. येथें बहुग्रंथी वाचन दोषास्पद आहे, आणि तें पुस्तकें दोन आहेत म्हणून नव्हे, तर दुसरें पुस्तक पहिल्याच्या विरुद्ध ढालीसारखें धरलें आहे म्हणून.

हीच कसोटी एकग्रंथी वाचकासही लावली पाहिजे, कारण पळून जाण्यास दुसरें पुस्तकच लागतें असें नाहीं. एकाच पुस्तकांत दडूनही बसतां येतें. एका ग्रंथाच्या माणसाची भीति वाटते, या अर्थाचें एक लॅटिन वचन प्रसिद्ध आहे. तें बहुधा टॉमस अक्वायनस याच्या नांवावर सांगतात. त्याचा एक अर्थ असा कीं, एक ग्रंथ ज्यानें पुरता पचविला आहे तो वादांत भारी पडतो. दुसरा अर्थ असा कीं, ज्यास एकाच ग्रंथापलीकडे कांहीं दिसत नाहीं त्याच्याशीं बोलणेंच अशक्य होतें. दोन्ही अर्थ खरे आहेत. ज्या ग्रंथावर आपली श्रद्धा आहे त्याचीच आवृत्ति पुन्हां पुन्हां करणें ही कधीं भक्ति असते, तर कधीं इतर सर्व ग्रंथांस दार लावून घेणें असतें. यांतलें आपलें कोणतें, हें ज्याचें त्यानेंच ओळखावयाचें. घेतलेलें पुस्तक संपविलेंच पाहिजे हा हट्टही पुष्कळदां निष्ठा नसून अभिमान असतो. वर्षाकांठीं किती पुस्तकें संपलीं याची यादी करणारास त्यांतलें एखादें आपणांस लागलें काय, हें सांगतां येत नाहीं. हातीं धरलेलें प्रत्येक पुस्तक शेवटास न्यावें या उपदेशावर जॉन्सननें मार्मिक टीका केली आहे: ज्या ज्या मनुष्याशीं ओळख होईल त्याच्याशीं जन्मभर संबंध ठेवण्याचा निश्चय करावा, तसेंच हें झालें.

आणि ज्या सेनेकाच्या पत्रापासून आपण आरंभ केला त्याच पत्राचा शेवट पाहिला असतां मोठी गंमत आढळते. अनेक ग्रंथकारांमागें धांवूं नको असें सांगणारा हा स्टोइक तत्त्वज्ञ त्या दिवशींचा आपला विचार उचलतो तो एपिक्यूरसच्या, म्हणजे प्रतिपक्षाच्या, ग्रंथांतून. शत्रूच्या छावणींत आपण जात असतों, पण फितूर म्हणून नव्हे, तर हेर म्हणून, असा खुलासाही तो करतो. हेर आणि फितूर दोघेही आपली छावणी सोडतात. भेद इतकाच कीं, हेर परत येतो, आणि येतांना कांहीं तरी घेऊन येतो.

दुसऱ्या पुस्तकाकडे जाणाऱ्या वाचकासही हाच भेद लागू आहे. जो परत येतो त्यानें कितीही पुस्तकें उघडीं ठेवावींत. जो परत येत नाहीं, त्यानें निदान एक बंधन पाळावें. न्यायाधीशापुढें एकाच दिवशीं अनेक दावे असतात. एक तहकूब होतो, दुसरा पुकारला जातो, आणि त्यांत कोणावरही अन्याय होत नाहीं. अन्याय होतो तो एका पक्षाची कैफियत अर्धवट ऐकून निकाल दिला तर. तसेंच, ग्रंथ टाकून देण्याचा वाचकास पूर्ण अधिकार आहे. टाकलेल्या ग्रंथावर निकाल देण्याचा अधिकार मात्र त्याबरोबरच जातो. ‘हें पुस्तक मला वाचवलें नाहीं’ हें वाक्य प्रामाणिक आहे. ‘या पुस्तकांत कांहीं अर्थ नाहीं’ हें वाक्य शेवटच्या पानानंतरच बोलावें.

आजच्या काळीं या बंधनाची गरज अधिकच आहे. रामेल्लीचें चाक भिंतीएवढें होतें. आज तें आपल्या खिशांतील मोबाईलमध्यें मावतें, आणि त्याच्या फळ्यांना अंतही नाहीं. परंतु खरा फरक आकारांत नाहीं. तें लांकडी चाक वाचक स्वतःच्या हातानें फिरवीत असे. एका ग्रंथावरून दुसऱ्यावर कां जावयाचें, हें त्यास ठाऊक असे. आजच्या पडद्यावर चाक फिरविणारा पुष्कळदां दुसराच कोणी असतो. आपण एक लेख अर्धा वाचला न वाचला तोंच दुसरा समोर येतो, आणि तो कां आला हें विचारण्यापूर्वींच आपण त्याच्यांत शिरलेले असतों. अर्ध्या वाचनावर आपला अभिप्राय मागणारीं बटणेंही तेथें तयारच असतात. येथें एकग्रंथी कीं बहुग्रंथी हा प्रश्न उरतच नाहीं. वाचणारा आपण आहों काय, हा प्रश्न उरतो.

घरांत वाचत्या वयाचीं मुलें असतील तर, एक पुस्तक संपल्याखेरीज दुसरें मिळणार नाहीं, असा नियम त्यांना घालूं नये. अशा नियमानें पुस्तकें संपतात, पण वाचनही संपतें. त्यांना चार पुस्तकें खुशाल उघडूं द्यावींत. मात्र एखादें पुस्तक त्यांनीं मध्येंच ठेवलें तर, कोणत्या पानावर ठेवलेंस आणि कां ठेवलेंस, एवढें रागावल्याशिवाय विचारावें. आणि मुलांस विचारण्यापूर्वीं आपल्या उशाशीं पडलेल्या पुस्तकांतील खुणेचे कागद एकदां पाहून घ्यावेत. ज्या पानावर कागद बरेच दिवस हलला नाहीं तें पान बहुधा आपल्याविषयीं कांहीं तरी सांगत असतें. तें पुस्तक पुढें वाचावें कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें. पण तें पान तरी पुरें वाचावें.